अंडाशयाचा प्रतिसाद आणि रक्तवाहिन्या : आयव्हीएफच्या आधी, दरम्यान आणि ट्रिगरनंतर काय पाहावे

आयव्हीएफची इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी बहुतेक जोडप्यांचे लक्ष एएमएचच्या (अंडाशयातील बीजांचा साठा दाखवणाऱ्या संप्रेरकाच्या) आकड्यावर खिळलेले असते. त्यात फारसे चुकीचे नाही, कारण किती फॉलिकल (बीज वाढवणाऱ्या द्रवाच्या पिशव्या) वाढतील हे मुख्यतः वय, एएमएच आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दिसणाऱ्या २ ते १० मिलिमीटरच्या फॉलिकलची संख्या यांवरच ठरते. रक्तवाहिन्या ही संख्या वाढवत नाहीत. इंजेक्शनातले संप्रेरक आणि प्राणवायू फॉलिकलपर्यंत पोचवणे हे त्यांचे काम, आणि ट्रिगरनंतर, म्हणजे बीजे पक्व करण्यासाठी दिलेल्या शेवटच्या इंजेक्शननंतर, त्यांतले पाणी बाहेर झिरपू लागले तर धोका त्यांच्यामुळेच उद्भवतो. रुग्णाला स्वतः सर्वांत जास्त काही करता येते ते या शेवटच्या टप्प्यात. म्हणून खाली त्यालाच अधिक जागा दिली आहे.

अंडाशयाला रक्त दोन बाजूंनी मिळते : महाधमनीतून थेट निघणाऱ्या धमनीकडून आणि गर्भाशयाच्या धमनीच्या एका शाखेकडून. वाढत्या फॉलिकलच्या आत मात्र एकही रक्तवाहिनी शिरत नाही. केशवाहिन्यांचे जाळे बाहेरच्या थरापाशी थांबते आणि आतल्या पेशींना व स्त्रीबीजाला जे काही मिळते ते तिथून झिरपूनच मिळते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ज्या फॉलिकलमधील द्रवात प्राणवायू फार कमी होता त्यांतील स्त्रीबीजांत गुणसूत्रांच्या मांडणीचे दोष अधिक आढळले होते. कलर डॉपलरवर (रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) फॉलिकलभोवती लाल-निळे कडे दिसते, त्याला महत्त्व आले ते अशा निरीक्षणांमुळे.

तयारी इंजेक्शनांच्या किमान तीन महिने आधी सुरू करावी, कारण फॉलिकलच्या वाढीचा शेवटचा मोठा टप्पा साधारण तेवढाच काळ घेतो. सर्वांत आधी तंबाखू बंद करावा. धूम्रपानाने रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, त्यांना सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी १ ते ४ वर्षे लवकर जाते. आपल्याकडे अनेक घरांतून दात घासायच्या निमित्ताने मशेरी लावली जाते आणि डॉक्टरांनी तंबाखूविषयी विचारले की उत्तर ‘नाही’ असे येते. निकोटिन मशेरीतूनही शरीरात जाते, तेव्हा ती सांगावी आणि सोडावी. रक्तदाब व साखर आटोक्यात आणावी. स्वतःला किंवा आई-वडील, भावंडांपैकी कोणाला पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

याच वेळी सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्यावी आणि तिच्यातली ‘पीसीव्ही’ (रक्तात लाल पेशींचा टक्का किती, म्हणजे रक्त किती घट्ट आहे) ही ओळ लिहून ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

उपचार सुरू झाल्यावर इंजेक्शनाचा डोस फॉलिकलचा आकार, त्यांची संख्या आणि गरजेप्रमाणे रक्तातील इस्ट्रोजेन पाहून बदलला जातो. डॉपलरमधील ‘पीआय’ किंवा ‘आरआय’ हे आकडे रक्तप्रवाहाला होणारा अडथळा दाखवतात. आकडा कमी म्हणजे अडथळा कमी. परंतु त्यांच्यावरून कोणते फॉलिकल चांगले बीज देईल हे खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे एका आकड्यावरून धीर सोडू नये किंवा हुरळूनही जाऊ नये. ‘रक्तप्रवाह वाढवण्यासाठी’ अॅस्पिरिन, सिल्डेनाफिल यांसारखी औषधे सुचवली गेली, तर ती नेमकी कोणत्या कारणासाठी आहेत हे विचारावे. ज्यांचा प्रतिसाद कमी येतो अशा स्त्रियांसाठीही, अंडाशयाचा प्रतिसाद वाढावा म्हणून ही दोन्ही औषधे देण्याची शिफारस युरोपीय वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शिका करत नाही. गुठळीच्या आजारासारख्या अन्य कारणासाठी अॅस्पिरिन चालू असेल, तर मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये.

आता उलट बाजू. पीसीओडी असलेल्या, कमी वयाच्या किंवा एएमएच जास्त असलेल्या स्त्रियांत अंडाशय गरजेपेक्षा फार जास्त प्रतिसाद देऊ शकते. अशा अंडाशयातून एचसीजी या संप्रेरकाच्या ट्रिगरनंतर व्हीईजीएफ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात सुटते, त्याने केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, पाणी पोटात साचते आणि वाहिन्यांत उरलेले रक्त घट्ट होते. यालाच ओएचएसएस म्हणतात. म्हणून ट्रिगरच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात : एचसीजीऐवजी अॅगोनिस्ट ट्रिगर, म्हणजे शरीराचेच संप्रेरक सुटायला लावणारे इंजेक्शन, देता येईल का (हे अँटॅगोनिस्ट पद्धतीच्या, म्हणजे बीज वेळेआधी सुटू नये म्हणून रोखणारी इंजेक्शने देणाऱ्या, उपचारात शक्य असते), सर्व गर्भ गोठवून प्रत्यारोपण पुढच्या महिन्यात करता येईल का, आणि झिरपणे कमी करणाऱ्या कॅबरगोलिनच्या गोळ्यांची गरज आहे का. पहिल्या दोन उपायांनी धोका सर्वांत जास्त घटतो.

ट्रिगरनंतर रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे आणि शिंप्याची टेप बेंबीवरून फिरवून पोटाचा घेर मोजावा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. टेप दर वेळी त्याच जागी यावी म्हणून बेंबीच्या दोन्ही बाजूंना पेनाने खूण केली तरी चालते. एका दिवसात वजन १ किलोपेक्षा जास्त वाढले, लघवी कमी व गडद झाली, उलट्या थांबेनात किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री केंद्राला फोन करावा. एका पोटरीत दुखणे आपण ओळखतो, पण या आजारात गुठळी मानेच्या किंवा हाताच्या शिरेतही होते. एका बाजूची मान दुखून सुजणे किंवा एकच हात जड होणे याला ‘अवघडलो असेन’ म्हणून सोडून देऊ नये.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. नारळपाणी घटाघटा पिऊन झिरपणे थांबत नाही. लघवी कमी होते म्हणून लघवीची गोळी घेणे तर घातकच, कारण पाणी शरीरात असते पण वाहिन्यांबाहेर असते आणि गोळी वाहिन्यांतलेच उरलेसुरले काढून टाकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावे, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक टाळावे.

तपासणीत पीसीव्ही ४५ टक्क्यांच्या वर गेला की आजार तीव्र मानतात. मात्र हिमोग्लोबिन १० च्या आसपास असलेल्या स्त्रीचा पीसीव्ही मुळात ३० च्या घरात असतो. तिचा ४० आला, तर रिपोर्टवर तो ‘नॉर्मल’ म्हणून छापला जाईल, पण तिच्यासाठी ती मोठी उडी असते. आधी लिहून ठेवलेला आकडा डॉक्टरांसमोर ठेवायचा तो अशा वेळी.

पहिली लक्षणे बहुधा ट्रिगरनंतर आठवडाभरात दिसतात. ताज्या गर्भाचे प्रत्यारोपण झाले असेल आणि गर्भ राहिला असेल, तर शरीरात तयार होणाऱ्या एचसीजीमुळे दहाव्या दिवसानंतरही हा त्रास नव्याने सुरू होऊ शकतो. त्यामुळे प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी वही लगेच बंद न करता डॉक्टर सांगतील तोपर्यंत नोंदी चालू ठेवाव्यात. इंजेक्शनांचा एकूण डोस, ट्रिगरचा प्रकार, मिळालेली बीजे आणि सर्वांत जास्त आलेला पीसीव्ही यांची लेखी प्रत केंद्राकडून मागून घ्यावी, कारण पुढच्या वेळी इंजेक्शनांचा डोस आणि ट्रिगर ठरवताना डॉक्टर आधी तीच पाहतील.