हाडांच्या औषधाचा त्रास होतो म्हणून गुपचूप बंद करताय? या चुका टाळा

आईच्या कपाटात चष्मा शोधताना मला तिच्या हाडांच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट सापडलं, आठवड्याला एक अशा चार गोळ्या, एकही फोडलेली नाही. म्हणजे महिनाभर तिनं गोळी घेतलीच नव्हती आणि मी विचारलं की "हो, घेतली" म्हणायची. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं ती घेतली की दिवसभर छातीत जळतं, तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस." मला इतकं वाईट वाटलं ना. कारण ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, औषधं घेणाऱ्या कितीतरी जणांचं असंच होतं, त्रास होतो, कुणाला सांगत नाहीत, आणि औषध हळूच बंद होतं. हाड ठिसूळ होताना दुखत नाही, त्यामुळे बंद केल्याचं काही जाणवतही नाही, जाणवतं ते थेट पडल्यावर किंवा मणका दबल्यावर.

म्हणून हे लिहितेय. यातले बरेच त्रास औषध चुकीच्या पद्धतीनं घेतल्यामुळे होतात आणि ते सुधारता येतात. काही त्रास मात्र खरंच थांबून डॉक्टरांना फोन करण्याचे असतात. या दोन्हीतला फरक कळायला हवा.

गोळी घेऊन परत लवंडणं

पुढच्या रविवारी मी आईजवळ बसून बघितलं ती गोळी कशी घेते. पहाटे जाग आली, उशाशी छोट्या पेल्यात पाणी होतं, अर्धवट उठून दोन घोटांत गोळी गिळली आणि पांघरूण ओढून परत झोपली. झालं, इथंच सगळी गडबड होती! अ‍ॅलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, आयबँड्रोनेट या गोळ्या अन्ननलिकेला चिकटून राहिल्या तर तिथली आतली त्वचा अक्षरशः भाजल्यासारखी होते, आणि आडवं झालं की पोटात गेलेलंही परत वर येतं. दोन घोट पाण्यानं गोळी खाली जातच नाही नीट.

बरोबर पद्धत अशी: सकाळी उठल्यावर अनशापोटी, मोठा ग्लास भरून साधं पाणी, म्हणजे साधारण २०० मिली, सगळं प्यायचं. गोळी चघळायची नाही, तोंडात विरघळवायची नाही. नंतर कमीत कमी ३० मिनिटं ताठ बसायचं, उभं राहायचं किंवा घरातल्या घरात फिरायचं, आणि आयबँड्रोनेट असेल तर ६० मिनिटं. या वेळात खाली वाकून करायची कामंही नकोत. आडवं व्हायचं ते काहीतरी खाऊन झाल्यावरच. रात्री झोपताना तर ही गोळी कधीच घ्यायची नाही, मग दिवसभर विसरलात तरी नाही.

आठवड्याची गोळी विसरली तर काय? आठवण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या आणि पुढची आपल्या ठरलेल्या वारीच. एका दिवशी दोन गोळ्या कधीच नाही.

पोटाला त्रास नको म्हणून दुधाबरोबर घेणं

ही चूक अगदी चांगल्या भावनेनं होते. जळजळ होते ना, मग काहीतरी खाऊन घे, दुधाबरोबर घे, असं घरातलं कुणीतरी सांगतंच. पण या गोळ्या रिकाम्या पोटीसुद्धा १ टक्क्यापेक्षा कमी शोषल्या जातात, हो, १ टक्क्यापेक्षा कमी, आणि कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतलेलं अ‍ॅलेंड्रोनेट तर त्याहूनही साधारण ६० टक्क्यांनी कमी होतं. दुधातलं कॅल्शियम गोळीला बांधून टाकतं, मग शरीरात जवळपास काहीच जात नाही. म्हणजे वर्षभर नेमानं गोळी घेतली आणि हाडापर्यंत पोचलीच नाही, असं होऊ शकतं. मिनरल वॉटरही नको, त्यातही कॅल्शियम असू शकतं.

कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचं चघळायचं किंवा प्यायचं औषध, हे सगळं त्या अर्ध्या तासानंतरच, आयबँड्रोनेट असेल तर तासाभरानंतर. मी तर म्हणते कॅल्शियम सरळ दुपारच्या जेवणावर ढकला, म्हणजे घोळच नको. आणि थायरॉइडची गोळी पण अनशापोटी असते, ती असणाऱ्यांची सकाळी खरंच तारांबळ उडते, तर आधी कुठली, नंतर कुठली आणि मध्ये किती वेळ, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. कॅल्शियम मात्र थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब.

अजून एक गोष्ट. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या चालू असतील तर पोटाचा त्रास त्यांचाही असू शकतो. आपण दोष देतो हाडाच्या गोळीला आणि बंदही तीच करतो, पेनकिलर तशीच चालू राहते. आणि स्वतःच्या मनानं महिनोन्महिने अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूल चालू ठेवणं हाही उपाय नाही, कारण त्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चरचं प्रमाण थोडं जास्त दिसलंय.

आता थांबायचं कधी, ते नीट वाचा. गिळताना दुखतंय, घास अडकल्यासारखं वाटतंय, छातीच्या मधोमध दुखतंय, नव्यानं जळजळ सुरू झालीय किंवा आधीची वाढलीय, तर पुढची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. उलटीत रक्त किंवा शौचाला काळं होणं असेल तर वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. छातीतलं दुखणं हृदयाचंही असू शकतं, ते गोळीच्या नावावर खपवू नका. आणि ज्यांना अर्धा तास ताठ बसणंच जमत नाही किंवा अन्ननलिकेचा जुना आजार आहे त्यांनी ते आधीच सांगावं, त्यांच्यासाठी ही गोळी नाहीच, दुसरे पर्याय आहेत. गोळी सोसत नाही म्हणजे उपचार संपले असं अजिबात नाही.

सहा महिन्यांच्या इंजेक्शनची तारीख चुकवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डेनोसुमॅबचं ६० मिलीग्रॅमचं इंजेक्शन दर ६ महिन्यांनी त्वचेखाली देतात. घ्यायला सोपं, पोटाला त्रास नाही, म्हणून लोकांना आवडतं. पण गोळ्यांचं औषध हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं तसं हे राहत नाही. याचा असर संपला की दाबून ठेवलेली हाडाची झीज एकदम उसळून वर येते आणि अशा वेळी एकाच माणसाचे दोन-तीन मणके लागोपाठ फ्रॅक्चर झाल्याची उदाहरणं आहेत. हे घाबरवायला सांगत नाहीये, खरंच कळकळीनं सांगतेय, कारण बऱ्याच जणांना हे इंजेक्शन सुरू करताना कुणी बोललेलंच नसतं. अंगावर पुरळ आलं, पाठ दुखली, किंवा नुसतंच "आता बरं वाटतंय" म्हणून पुढचं इंजेक्शन सोडून देऊ नका. मागच्या इंजेक्शनला ७ महिने उलटून जाऊ देऊ नका. बंद करायचंच असेल तर त्याच्या मागे दुसरं औषध लावून बंद करतात, ते डॉक्टर ठरवतील. तारीख फोनमध्ये टाका, घरातल्या दोघांच्या फोनमध्ये टाका, आणि रिमाइंडर महिनाभर आधीचा लावा.

याच इंजेक्शननंतर ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येणं, हातापायात गोळे येणं असं झालं तर रक्तातलं कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं, लगेच कळवा. किडनीचा आजार असेल तर हा धोका खूपच जास्त, डायलिसिसवर असलेल्यांसाठी तर अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०२४ मध्ये सगळ्यात कडक प्रकारची सूचना या औषधावर लावलीय. आणि बघा, बद्धकोष्ठता होते म्हणून कॅल्शियमची गोळी बंद करायची आणि इंजेक्शन मात्र चालू ठेवायचं, हे कॉम्बिनेशन फार वाईट. कॅल्शियम कार्बोनेटनं पोट जड होत असेल तर जेवणाबरोबर घ्या, एका वेळी ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर कॅल्शियम सायट्रेटवालं मागा, पण बंद करू नका.

जबड्याची भीती आणि मांडीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष

गंमत म्हणजे ज्याची भीती बाळगायची त्याची लोक बाळगत नाहीत. जबड्याचं हाड उघडं पडून खराब होतं हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, त्यामुळे कुणी औषध सोडतं तर कुणी डेंटिस्टकडे जाणंच सोडतं. हा त्रास आहे, खोटा नाही, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला अतिशय दुर्मिळ आहे, तो जास्त दिसतो कॅन्सरच्या पेशंटमध्ये, जिथे हीच औषधं कितीतरी मोठ्या डोसमध्ये आणि वारंवार दिली जातात. दात काढायचे असतील तर शक्यतो औषध सुरू करायच्या आधी उरकून घ्या. औषध चालू असेल तर डेंटिस्टला खुर्चीत बसल्या बसल्या आधी तेच सांगा. दात साफ करणं, सिमेंट भरणं याला काही अडचण नसते. दाढ काढायचीय म्हणून स्वतःच्या मनानं डेनोसुमॅब पुढे ढकलणं तर नकोच, वर सांगितलंय का ते.

मांडीचं दुखणं मात्र अंगावर काढलं जातं. जांघेत किंवा मांडीत मुका मार लागल्यासारखी ठणक, पडलं-झडलं काही नाही, आठवडे झाले तरी जात नाही, आणि माणूस बाम चोळत बसतो. ही औषधं बरीच वर्षं घेतल्यावर कधीकधी मांडीच्या हाडाला बारीक भेग पडायला लागते, पूर्ण मोडायच्या आधी कित्येकांना असंच दुखत असतं. दुर्मिळ आहे, पण अशी ठणक असेल तर एक्स-रे काढा, आणि भेग सापडली तर दुसऱ्या मांडीचाही काढा, कारण दोन्हीकडे होऊ शकतं. म्हणूनच गोळ्यांची साधारण ५ वर्षं, वर्षातून एकदा द्यायच्या सलाईनची (त्याबद्दल पुढे सांगतेच) ३ वर्षं झाली की अजून चालू ठेवायचं की थोडी सुट्टी द्यायची याचा डॉक्टर परत विचार करतात. ही सुट्टी डेनोसुमॅबला लागू नाही, तिथे घोळ करू नका.

डोळा लाल होऊन दुखणं, अंधुक दिसणं हेही या गोळ्यांनी क्वचित होतं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही औषधाचं नाव सांगा.

टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन असेल तर सुरुवातीच्या काही दिवसांत टोचल्यावर ४ तासांच्या आत उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून बसून किंवा पलंगावरच घ्या आणि सावकाश उठा, ठिसूळ हाडांच्या माणसानं चक्कर येऊन पडणं परवडणारं नाही. त्याचं इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, वापरायला काढल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्यायचं, औषध उरलं असलं तरी. रॅलॉक्सिफेन ही हाडांसाठीचीच वेगळी गोळी घेणाऱ्यांना अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होतं, पोटऱ्यांत गोळे येतात, ते सोसण्यासारखं असतं. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल किंवा अचानक धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा तडक हॉस्पिटल.

सलाईननंतरच्या तापाला अ‍ॅलर्जी समजणं

आईची पद्धत सुधारल्यावर जळजळ बरीच कमी झाली पण आंबट ढेकर काही जाईनात, मग आम्ही डॉक्टरांना सगळं खरं खरं सांगितलं, महिनाभर घेतलीच नव्हती हे सुद्धा. ते रागावले नाहीत. त्यांनी वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन सुचवलं, ५ मिलीग्रॅम, कमीत कमी १५ मिनिटांत सावकाश देतात. आधी क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासलं. डी कमी निघालं तर आधी ते भरून काढतात आणि मगच सलाईन, यात घाई करायला लावू नका. किडनी फारच कमी काम करत असेल तर हे देत नाहीत. उलट्या-जुलाब चालू असतील तर तारीख पुढे ढकला आणि आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या.

पहिल्या सलाईननंतर साधारण तिघांतल्या एकाला पुढच्या तीन दिवसांत ताप, कणकण, डोकेदुखी, अंग मोडून आल्यासारखं होतं, फ्लू झाल्यासारखं. ही अ‍ॅलर्जी नाही, आणि दुसऱ्या वर्षी हा त्रास बराच कमी होतो. चूक ही होते की लोक घाबरून "हे औषध मला चालत नाही" असं ठरवून टाकतात. त्यापेक्षा पुढचे दोन दिवस कुठलं मोठं काम ठेवू नका, पॅरासिटॅमॉल किती आणि कधी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा. तीन दिवसांनंतरही ताप उतरला नाही तर तो दुसऱ्या कशाचा तरी असू शकतो, दाखवून या. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला, श्वास लागला तर मात्र ती खरी अ‍ॅलर्जी, लगेच हॉस्पिटल.

आईला दुसऱ्या रात्री ताप आला. मी शेजारच्या खोलीत होते. एरवी तिनं अंगावर काढला असता, सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. या वेळी तिनं स्वतःहून हाक मारली, "अगं ताप आलाय बघ, तो सांगितलेलाच, गोळी दे आणि पाणी आण."