खानदेशातल्या जिल्ह्याची सांख्यिकी रूपरेषा: पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

नंदुरबार जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला माणसं किती? २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५. जनगणनेतलंच क्षेत्रफळ, म्हणजे ५,९५५ चौ. किमी घेतलं तर घनता २७७ येते. पण ५,०३५ च्या आसपासचं क्षेत्रफळही बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं, आणि ते घेतलं की हीच घनता ३२७ होते. एका ठिकाणची लोकसंख्या आणि दुसऱ्या ठिकाणचं क्षेत्रफळ असा भागाकार केला की पहिल्याच पानावर चूक बसते आणि ती शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पहिला नियम हा की भागाकारातले वरचे आणि खालचे आकडे एकाच स्रोतातले, एकाच तारखेचे आणि एकाच सीमेचे असले पाहिजेत.

एम.ए.चा प्रकल्प असो, एखाद्या संस्थेतली पहिली नोकरी असो किंवा सांख्यिकी सहायक, संशोधन सहायक या पदांची तयारी असो, काम इथूनच सुरू होतं. दोन प्रकाशनं आधी मिळवा. एक म्हणजे जिल्हा सांख्यिकी कार्यालय काढतं ते ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, आणि दुसरी जिल्हा जनगणना पुस्तिका. पुस्तिकेच्या एका भागात गावनिहाय सोयींची सूची असते, दुसऱ्यात गावनिहाय लोकसंख्या. समालोचनातला प्रत्येक तक्ता कुठल्या ना कुठल्या खात्याकडून आलेला असतो आणि खालच्या टिपेत त्या खात्याचं नाव असतं. तक्ता उतरवताना ती टीपही उतरवा. पुढे शंका आली की कुठल्या कार्यालयात जायचं ते तीच सांगते.

सीमा आणि नावं

जुन्या आकड्यांशी तुलना करताना खानदेशात सगळ्यात मोठा खड्डा १ जुलै १९९८ चा आहे. त्या दिवशी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. १९९१ चा ‘धुळे जिल्हा’ २५ लाखांहून मोठा होता. २००१ चा धुळे जिल्हा १७,०७,९४७ चा. हे दोन आकडे एका ओळीत ठेवले तर दहा वर्षांत लाखो माणसं नाहीशी झाल्यासारखं दिसतं. उपाय सोपा आहे. २००१ च्या धुळ्यात नंदुरबारचे १३,११,७०९ मिळवा आणि बेरीज ३०,१९,६५६ ठेवा, म्हणजे मालिका जुळते. २०११ साठी हीच बेरीज ३६,९९,१५७ होते. उलट दिशेने जायचं असेल, म्हणजे आजच्या नंदुरबारची १९९१ ची लोकसंख्या हवी असेल, तर तालुक्यांचे जुने आकडे जोडावे लागतात. मात्र तालुक्यांच्या सीमाही बदलल्या आहेत. धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होतं. आज जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ तालुके आहेत. जुन्या तक्त्यात हा आकडा वेगळा दिसला तर आधी तक्त्याचं वर्ष बघा.

नावांचा गोंधळ याहून त्रासदायक. एदलाबाद आणि मुक्ताईनगर हा एकच तालुका. अक्राणी तालुक्याचं ठिकाण धडगाव, त्यामुळे एका खात्याच्या यादीत ‘अक्राणी’ तर दुसऱ्यात ‘धडगाव’. शिंदखेडा, शिंदखेडे, सिंदखेडा अशी तिन्ही रूपं कागदावर येतात. गावांच्या बाबतीत खु. (खुर्द), बु. (बुद्रुक) आणि प्र. (प्रगणे) ही जोडशेपटी गाळली की दोन वेगळी गावं एक होतात. सावखेडा, पिंपळगाव, पिंप्री ही नावं एकेका तालुक्यातही अनेकदा येतात. नावावरून तक्ते जोडू नका, कोडवरून जोडा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारचा कोड ४९७, धुळ्याचा ४९८ आणि जळगावचा ४९९ आहे. गावाचा कोड सहा आकडी. शाळांच्या यू-डायस कोडमध्ये राज्याच्या २७ नंतर हेच जिल्हे ०१, ०२, ०३ असे येतात. कोडचा रकाना एक्सेलमध्ये ‘मजकूर’ म्हणूनच ठेवा, नाहीतर सुरुवातीचा शून्य उडतो आणि जोडणी चुकते.

जुन्या सरकारी फाइली बऱ्याचदा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. पीडीएफमधून मजकूर उचलला की अक्षरांचा चुरा हातात येतो. अशा वेळी कोड आणि आकडे घ्या, गावांची नावं जनगणनेच्या यादीतून कोडवरून ओढा. हाताने नावं टंकत बसलं तर दोन दिवस जातात आणि चुका राहतातच.

लोकसंख्येचे आकडे

२०११ चे दोन संच फिरतात, तात्पुरता आणि अंतिम. जळगावची तात्पुरती लोकसंख्या ४२,२४,४४२ होती, अंतिम ४२,२९,९१७. साक्षरतेचा दरही दोन्ही संचांत वेगळा आहे. अंतिम आकडे असे: जळगाव ७८.२० टक्के, धुळे ७२.८०, नंदुरबार ६४.३८. हे दर सात वर्षांवरच्या लोकसंख्येवर काढलेले असतात. साक्षरांची संख्या एकूण लोकसंख्येने भागली तर नंदुरबारचा दर नऊ-दहा टक्क्यांनी घसरतो, कारण तिथे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्रमाण जास्त आहे.

मोजणी कधी झाली हेही लक्षात ठेवा. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. हा काळ ऊसतोडीचा. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातकडे आणि राज्यातल्या कारखान्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. संपूर्ण मोजणीकाळ घराबाहेर असलेलं माणूस जिथे असेल तिथे मोजलं जातं. त्यामुळे काही पाड्यांचा आकडा शिधापत्रिकांच्या किंवा अंगणवाडीच्या नोंदीपेक्षा कमी दिसला तर लगेच कुणाची नोंद खोटी ठरवू नका. पुढच्या गणनेचा संदर्भदिनांकही १ मार्च २०२७ आहे, म्हणजे हा प्रश्न तेव्हाही राहणार.

मधल्या वर्षांसाठी अंदाज लागतोच. केंद्राच्या तज्ज्ञगटाचे २०११–२०३६ चे लोकसंख्या-अंदाज राज्यपातळीचे आहेत, जिल्ह्याचे नाहीत. जिल्ह्यासाठी २००१–२०११ च्या वाढीवरून वार्षिक चक्रवाढ दर काढा. जळगावची दशकवाढ १४.८६ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण १.३९. दशकवाढीला दहाने भागून १.४९ घेऊ नका. काढलेल्या आकड्यापुढे ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहा.

शेती: इथे वेळ द्या

क्षेत्रफळाच्या एककापासून सुरुवात करू. सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर असतं. शेतकरी एकर-गुंठे बोलतो. १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे २.४७ एकर; १ एकर म्हणजे ४० गुंठे. चूक होते ती अशी: ‘१ हेक्टर ५ आर’ हे कुणीतरी १.५ असं टंकतं, खरं तर ते १.०५ आहे. समालोचनातले काही तक्ते शंभर हेक्टरमध्ये, काही हजार हेक्टरमध्ये असतात. शीर्षकाखालचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय एकही आकडा उचलू नका.

कापूस. शेतकरी क्विंटलात सांगतो तो सरकीसकटचा कापूस. सरकारी उत्पादन गाठींमध्ये, आणि गाठ म्हणजे १७० किलो रुई (सरकी काढलेला कापूस). कापसातून रुई साधारण तेहेतीस-चौतीस टक्के निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. एकरी ५ क्विंटल हे हेक्टरी साडेबारा क्विंटलच्या आत येतं, आणि रुईत मोजलं तर हेक्टरी ४२० किलो. तक्त्यात ४२० बघून ‘हे तर फार कमी’ असं वाटतं, पण दोन्ही एकच गोष्ट सांगतात. व्यापाऱ्यांची खंडी वेगळी, ती सुमारे ३५६ किलो रुईची. बाजार समितीची आवक म्हणजे उत्पादन नव्हे, हेही इथे विशेष सांभाळायचं. खानदेशातला कापूस खेडा खरेदीतून, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतात त्या खरेदीतून, थेट गुजरातच्या जिनिंगला जातो. रावेरला लागूनच मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर असल्याने केळीचा मालही राज्याची सीमा ओलांडत असतो.

केळी हे तर सांख्यिकीसाठी सगळ्यात अवघड पीक. कृषी वर्ष १ जुलै ते ३० जून; मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची ऑक्टोबरच्या सुमारास, आणि बाग वर्षभर किंवा त्याहून जास्त उभी राहते. एकच बाग दोन कृषी वर्षांत दिसते. काही तक्ते उभं क्षेत्र देतात, काही त्या वर्षाची नवी लागवड, काही कापणीयोग्य क्षेत्र. तिन्ही बरोबर, पण एकमेकांशी तुलना चुकीची. त्यात पिलबाग असते. पहिल्या घडानंतर पील राखून दुसरं पीक घेतलं तर नवी रोपं लागत नाहीत, म्हणून रोपांच्या विक्रीवरून क्षेत्र काढणाऱ्याला ही बाग दिसतच नाही. रावेर, यावल, चोपड्यात शेतकरी क्षेत्र न सांगता ‘दहा हजार खोड’ असं सांगतो. त्याला लागवडीचं अंतर विचारा. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ खोडं बसतात, म्हणजे दहा हजार खोडांना सव्वादोन हेक्टर. अंतर वेगळं असेल तर हिशोब वेगळा.

पैसेवारी आणि उत्पादकता यांची गल्लत नवखे नेहमी करतात. पैसेवारी ही त्या गावच्या प्रमाण उत्पादनाशी केलेली तुलना आहे. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम असे तिचे तीन टप्पे असतात. पन्नास पैशांच्या आत-बाहेर असण्यावर सवलती ठरतात. हेक्टरी उत्पादन हवं असेल तर पीक कापणी प्रयोगाचे, म्हणजे शेतातला ठरावीक मापाचा प्लॉट कापून केलेल्या वजनाचे, निकाल घ्या. प्लॉट ५० चौ. मीटरचा असेल तर किलोला २०० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. प्लॉटचा आकार पिकागणिक बदलतो, तेव्हा आधी तो विचारा.

२०२१ पासून ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवरून पिकाची नोंद) आल्याने गटनिहाय नोंद मिळू लागली. पण कपाशीत तूर किंवा मूग असेल तर नोंद कशी केली यावर आकडा हलतो, आणि सातपुड्यात नेटवर्क नसल्याने नोंदच राहून जाते. अक्राणी, अक्कलकुवा, शिरपूर, साक्री इथे आणखी एक बाब आहे. वनहक्काच्या पट्ट्यांवर पीक उभं असतं, पण जमीन वापराच्या तक्त्यात ती जमीन ‘वने’ या रकान्यात असते. ज्वारी-मका पिकवणारं कुटुंब आकडेवारीत भूमिहीन दिसू शकतं. म्हणून या तालुक्यांसाठी वनपट्ट्यांची यादी वेगळी मागवा आणि वेगळ्या रकान्यात दाखवा.

सिंचनात धरण कुठे आहे आणि पाणी कुठे जातं हे वेगळं लिहावं लागतं. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात, पण भिजतं ते बरंचसं जळगाव जिल्ह्यातलं रान. धरणांची जिल्हानिहाय यादी घेऊन सिंचनक्षमता मोजली तर गिरणा सुटतं. विहिरींच्या बाबतीत एकूण विहिरी आणि वापरातल्या विहिरी हे दोन वेगळे रकाने आहेत.

सेवा: आरोग्य, शाळा, रस्ते

प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी निकष सपाट भागात ३०,००० लोकसंख्या, आदिवासी-डोंगराळ भागात २०,०००. उपकेंद्राला ५,००० आणि ३,०००. नंदुरबारची ग्रामीण लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १३.७ लाख. सगळीकडे सपाट निकष लावला तर ४६ केंद्रं पुरतात, आदिवासी निकषाने ६९ लागतात. निकष तालुका बघून लावा. केंद्रांची संख्या मोजून थांबू नका, मंजूर पदं आणि भरलेली पदं शेजारी-शेजारी ठेवा. इमारत आहे, वैद्यकीय अधिकारी नाही, ही स्थिती संख्येत दिसत नाही.

कुपोषणाचे आकडे दोन ठिकाणचे कधीच जुळत नाहीत, आणि त्याला कारण आहे. अंगणवाडीची टक्केवारी वजन घेतलेल्या मुलांवर असते. स्थलांतरात गेलेलं मूल छेदात नसतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९–२१ ची फेरी) नमुन्यावर चालतं. त्याच्या जिल्हा पत्रकात कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवरचा असतो आणि तारांकित जागी २५ पेक्षा कमी नोंदी असतात, तेव्हा त्यांवर निष्कर्ष उभा करू नका.

जनगणनेच्या गावसूचीत ‘पक्का रस्ता: आहे’ असं असेल तर तो मुख्य गावाला आहे. सातपुड्यातलं एक महसुली गाव म्हणजे डोंगरउतारावर पसरलेले अनेक पाडे. काही पाडे मुख्य गावापासून कित्येक किलोमीटर दूर, मध्ये नाला. वीज, नळ, शाळा, सगळ्यांना हेच लागू. अक्राणी आणि अक्कलकुव्यासाठी पाड्यांची यादी ग्रामपंचायतीकडून घ्या, तीत पावसाळ्यात वाट बंद होते का हा रकाना जोडा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. विस्थापितांच्या वसाहती तळोदा-शहादा भागात आहेत. जुन्या गावाचा कोड आणि नव्या वसाहतीचा कोड दोन्ही तपासा, नाहीतर तीच माणसं दोनदा येतील किंवा एकदाही येणार नाहीत.

फाइल आणि पडताळणी

प्रत्येक आकड्यासाठी एक ओळ ठेवा. रकाने असे: स्थळाचा कोड, निर्देशक, मूल्य, एकक, संदर्भदिनांक, छेद काय घेतला, स्रोत आणि पान क्रमांक. हे कंटाळवाणं वाटतं, पण तीन महिन्यांनी कुणी ‘हा आकडा कुठून आणलास?’ विचारलं की दोन मिनिटांत उत्तर सापडतं. मग तीन बेरजा करा. गावांची बेरीज तालुक्याशी, तालुक्यांची जिल्ह्याशी, पुरुष अधिक स्त्रिया एकूणशी. जमीन वापराच्या नऊ वर्गांची बेरीज भौगोलिक क्षेत्राइतकी यायला हवी; कमी आली तर बहुधा एखादा वर्ग उतरवायचा राहिला आहे.

खात्याकडून माहिती हवी असेल तर आधी महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र घेऊन जा, बहुतेकदा तेवढ्याने काम होतं. मार्चअखेरीची आणि विधिमंडळ अधिवेशनाची गडबड टाळा. अर्ज करायचाच झाला तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, मुदत ३० दिवसांची. अर्जात ‘जिल्ह्याची शेतीविषयक माहिती’ असं मोघम न लिहिता वर्ष, तालुका आणि तक्त्याचं नाव लिहा.

शेवटी प्रत्येक तालुक्यातलं एक गाव निवडा आणि त्या गावची पानं छापून ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आणि आशाताईंकडे घेऊन जा. अक्राणीत जाणार असाल तर पावरी किंवा भिली बोलणारं माणूस सोबत न्या. ‘बागायत किती?’ असं विचारलं तर गोल उत्तर येतं. ‘या उन्हाळ्यात किती विहिरींना पाणी होतं?’ असं विचारा आणि उत्तर तक्त्याशेजारी पेन्सिलने लिहा.