मुक्त पतनाची गणितं: चिन्हांच्या या चुका टाळा

मुक्त पतनाच्या (म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणाखाली होणाऱ्या हालचालीच्या) गणितात अकरावी सायन्सची मुलं अडतात, तेव्हा सूत्र बहुतेकांना पाठ असतं. घोटाळा होतो तो चिन्हांत. म्हणून आकडे घालण्याआधी वहीत एक उभी रेघ मारा, वरची दिशा धन ठरवा आणि उत्तर येईपर्यंत ती बदलू नका.

पन्हाळ्याच्या तटाखाली 40 मीटर सरळ कडा आहे असं समजू. (हे गणित वहीतच करा. गडावरून खाली काही फेकू नका, खाली माणसं आणि गुरं असतात.) तटावरून चेंडू 10 मी/से वेगाने सरळ वर फेकला, तर खाली पडायला किती वेळ लागेल? गुरुत्व त्वरण सोयीसाठी 10 मी/से² घेऊ.

सुरुवातीचा वेग +10, त्वरण −10, विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह) −40. सूत्र: विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ². वेळ क्ष मानली तर −40 = 10क्ष − 5क्ष². यातून क्ष = 4 किंवा −2. चेंडू फेकल्यानंतरची वेळ हवी आहे, म्हणून उत्तर 4 सेकंद.

तुमचं उत्तर वेगळं आलं? मग त्या आकड्यावरूनच चूक सापडते. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली, तर विस्थापन +40 घेतलंय. 2 सेकंद आले, तर सगळंच धन धरलंय, म्हणजे तुम्ही चेंडू खाली फेकलात. 2.8 आले, तर सुरुवातीचा वेग शून्य मानलाय. आणि 4.3 आले, तर विस्थापनाच्या जागी अंतर घातलंय: चेंडू 5 मीटर वर जाऊन 45 मीटर खाली येतो, अंतर 50 होतं, पण विस्थापन 40 मीटरच, तेही खाली.

सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य होतो, त्वरण नाही. तिथे त्वरणही शून्य असतं तर चेंडू हवेतच थांबला असता.

जमिनीवर आदळतानाचा वेगही शून्य लिहू नका. इथे तो 10 − 10 × 4 = −30 मी/से. चेंडू थांबतो तो जमिनीच्या धक्क्याने, आणि जमिनीला टेकताक्षणी आपलं समीकरण संपलेलं असतं.

‘सुटला’, ‘निसटला’ हे शब्द नीट वाचा. उसावर फवारणी करणारा ड्रोन 2 मी/से वेगाने वर चढताना त्याचा नट निसटला, तर नटाचा सुरुवातीचा वेग +2 असतो. तो आधी 20 सेंटीमीटर वर जातो, मगच खाली येतो.

प्रश्नात वस्तुमान दिलं असेल तर बिचकू नका. हवेचा विरोध धरलेला नसेल, तर पडायला लागणाऱ्या वेळेशी त्याचा संबंध नाही.