म्हाताऱ्या माणसांचे दात कुठे जास्त गेलेत, हे आकडे कसे वाचायचे

एका भागात म्हाताऱ्या माणसांचे दात जास्त गेलेत, दुसरीकडे कमी, असा तक्ता किंवा नकाशा दिसला की लगेच "तिकडची माणसं दात घासत नसतील" असं म्हणून मोकळं होऊ नका. आधी आकडा नेमका कशाचा आहे ते बघा. एकही दात न उरणं वेगळं आणि वीसपेक्षा कमी उरणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की ६० च्या पुढच्या साधारण २३ टक्के लोकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, हा आकडा 'वीसपेक्षा कमी' वाल्या आकड्याशेजारी ठेवला तर तुलनाच चुकली.

मग वय बघा. ६५ च्या पुढचे सगळे एकाच गटात टाकले की जिथे ऐंशी-पंच्याऐंशीची माणसं जास्त तिथे दात गेलेलेही जास्त दिसणारच, म्हणून ६५ ते ७४ आणि ७५ च्या पुढचे असे वेगळे आकडे मिळाले तर तेच घ्या.

मोजलं कसं हेही बघा, डॉक्टरांनी तोंडात बघून की नुसतं विचारून. अमेरिकेत राज्याराज्याचे आकडे बरेचसे फोनवर विचारून येतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दात नुसते पडत नाहीत, बरेच दात काढलेले असतात. तीच किडलेली दाढ एका ठिकाणी रूट कॅनाल करून वाचते, दुसऱ्या ठिकाणी परवडत नाही किंवा सोय नाही म्हणून उपटली जाते. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या पाहणीत ३७ टक्के प्रौढांना स्वतःचा एकही दात नव्हता, कारण तेव्हा सगळे दात काढून कवळी बसवणं ही नेहमीची गोष्ट होती. इंग्लंडमध्ये २००९ ला हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. म्हणजे आज ऐंशीच्या माणसाच्या तोंडात जे दिसतं त्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे उपचार पण असतात, नुसत्या आजच्या सवयी नाहीत. आणि उलटं पण होतं बरं का, जिथे डॉक्टरच नाहीत तिथे किडलेला, दुखणारा दात तसाच तोंडात राहतो आणि मोजणीत 'आहे' म्हणून धरला जातो, त्यामुळे कमी आकडा बघून खूश होण्याआधी उपचार न झालेली कीड किती तेही बघा.

हे सगळं बघून झालं की मगच तंबाखू, डायबिटीस, गोड खाणं, शिक्षण, उत्पन्न याकडे वळा, आणि शक्य असेल तर दोन्ही भागांतल्या सारख्याच उत्पन्नाच्या लोकांची तुलना करा. जपानने १९८९ मध्ये ऐंशीव्या वर्षी वीस दात टिकवायची मोहीम काढली, २०१६ च्या पाहणीत त्या वयाच्या जवळपास निम्म्या लोकांनी ते गाठलेलं दिसलं, तेव्हा आकडा बदलता येतो.

स्वतः माहिती गोळा करत असाल तर "दात आहेत का" असं मोघम विचारू नका, कवळीवाले आजोबा सरळ "आहेत की" म्हणतात. कवळी काढायला सांगा, वरचे आणि खालचे वेगळे मोजा, नुसतं मूळ उरलेला दात धरायचा की नाही ते आधीच ठरवा, आणि प्रत्येक गेलेल्या दाताबद्दल विचारा, आपोआप पडला की काढला, काढला तर का.