ऑक्टेव्हमधून बाहेरच्या प्रोग्रामला फाइल सापडत नसेल तर

ऑक्टेव्ह या गणिती प्रोग्राममध्ये आकडेमोड बिनचूक होते, पण तीच फाइल आलेख काढणाऱ्या ग्नूप्लॉट या प्रोग्रामकडे सोपवताच ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येतो, तेव्हा दोष बहुधा पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात असतो. समजा, विंडोजवर डी ड्राइव्हमध्ये रोमन अक्षरांत ‘तापी’ नावाचा फोल्डर असून त्यात पावसाच्या नोंदींचा ‘नंदुरबार’ हा फोल्डर आहे. हा पाथ बॅकस्लॅशसह दुहेरी अवतरणात लिहिला, तर ऑक्टेव्ह बॅकस्लॅशपुढच्या ‘टी’चा टॅब करते आणि ‘एन’ची नवी ओळ, त्यामुळे दोन्ही नावांची पहिली अक्षरेच गळून पडतात. म्हणून एकेरी अवतरण वापरावे किंवा फॉरवर्ड स्लॅश द्यावा. विंडोजवरही ऑक्टेव्ह तो स्वीकारते आणि मला हाच मार्ग अधिक खात्रीचा वाटतो. ‘केळी भाव’ अशा जागा सोडलेल्या नावाचे कमांड लाइनवर दोन तुकडे होतात, त्यामुळे बाहेरचा प्रोग्राम चालवणाऱ्या सिस्टिम फंक्शनला दिलेल्या कमांडमध्ये संपूर्ण पाथ दुहेरी अवतरणात बंद करावा. तरीही अडले, तर ‘पीडब्ल्यूडी’ ही कमांड देऊन चालू फोल्डर पाहावा, कारण अर्धवट पाथ तिथूनच शोधला जातो. ग्नूप्लॉटच सापडत नसेल, तर विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधते त्यांच्या ‘पाथ’ नावाच्या यादीत त्याचा फोल्डर घालावा आणि ऑक्टेव्ह बंद करून पुन्हा सुरू करावे, एरवी जुनीच यादी चालू राहते.