मेमरी क्लॉक वाढवला आणि एफपीएस घटले, त्यावरचा उपाय
आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डवर मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग) वाढवूनही गेम आधीपेक्षा हळू चालत असेल, म्हणजे एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) घटले असतील, तर कारण जीडीडीआर६एक्समध्ये, म्हणजे कार्डच्या मेमरीत आहे. डेटा पाठवताना चूक झाली की तो पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे कार्ड क्रॅश होत नाही, स्क्रीनवर ठिपके दिसत नाहीत, नुसता वेग घटतो. क्रॅश नाही म्हणजे सेटिंग बरोबर, असं इथे अजिबात धरू नका.

मी असं सोडवलं: आफ्टरबर्नरमध्ये (कार्डचे क्लॉक बदलायचं सॉफ्टवेअर) सगळं रीसेट, पॉवर लिमिट कमाल. मेमरी १००-१०० मेगाहर्ट्झने वर, दरवेळी तोच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी). स्कोअर घसरला की २०० मागे. मग कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) १५-१५ मेगाहर्ट्झने वर, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळला की ३० कमी. मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघत राहा. ११० अंशांना कार्ड स्वतःच क्लॉक पाडतं. विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करणं मात्र तासभर गेम नीट चालल्यावरच.