क्रीटचा नैऋत्य किनारा बस, बोट आणि पायवाटेने: या चुका टाळा

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या नैऋत्येला, पालेओहोरा ते होरा स्फाकिओन या पट्ट्यात, लेफ्का ओरी पर्वताच्या उतारांखालीच लिबियन समुद्र सुरू होतो आणि किनाऱ्याने सलग जाणाऱ्या रस्त्याला जागाच उरत नाही. आगिया रुमेली आणि लुत्रो या दोन गावांना तर गाडीरस्ता मुळीच नाही. त्यामुळे पायी फिरणाऱ्यांना हा किनारा फार सोयीचा आहे. हानिया शहरातून केटेल या ग्रीसच्या सार्वजनिक बससेवेची बस घ्यावी, सुगिया किंवा होरा स्फाकिओनला उतरावे, ई-४ या युरोपीय पायवाटेने पुढच्या गावापर्यंत चालावे आणि तेथून बोटीने परतावे. भाड्याची मोटार येथे अडचणच करते, कारण चालायला सुरुवात केलेल्या ठिकाणी ती घेण्यासाठी पुन्हा यावे लागते. मात्र बस, बोट आणि चालणे यांची सांगड नीट बसली नाही, तर चांगल्या चालणाऱ्याचाही दिवस फसतो. पुढील बहुतेक चुका या सांगडीतल्याच आहेत.

दिवसाची आखणी सकाळपासून करणे

बहुतेक जण निघण्याची वेळ आधी ठरवतात आणि परतीचे नंतर पाहतात. या किनाऱ्यावर आखणी उलट्या दिशेने करायला हवी. प्रथम शेवटच्या बोटीची वेळ पाहावी, त्यातून एक तास राखीव म्हणून वजा करावा, मग चालण्याचे तास वजा करावेत आणि जी वेळ उरेल तिच्याआधी पायवाटेवर असावे. सामारिया घळीचे उदाहरण घ्या. ओमालोसच्या पठारावर सुमारे १,२०० मीटर उंचीवरून सुरू होणारी ही वाट १६ किलोमीटर उतरून आगिया रुमेलीला समुद्राशी पोहोचते आणि तिला साधारण ५ ते ७ तास लागतात. खाली पोहोचल्यावर रस्ता नसल्याने संध्याकाळची बोट हाच परतीचा मार्ग असतो, आणि हंगामात हानियाकडे जाणाऱ्या बस त्या बोटीच्या वेळेशी जुळवलेल्या असतात. ओमालोसला दुसऱ्या बसने, उशिरा पोहोचलेला माणूस बोटीच्या धास्तीने घाईघाईने उतरतो, आणि सैल दगडगोट्यांच्या वाटेवर घोटा मुरगळतो तो बहुधा अशा घाईतच.

बोट कोणत्या दिशेला जाते हेही तिकीट काढतानाच विचारावे. आगिया रुमेलीहून एक बोट पश्चिमेला सुगिया आणि पालेओहोराकडे जाते, तर दुसरी पूर्वेला लुत्रो आणि होरा स्फाकिओनकडे. हानियाची बस दोन्हीकडून मिळते, पण आपली खोली ज्या गावी आहे त्याच्या विरुद्ध टोकाला उतरलो, तर त्या रात्री तेथे परतणे जवळजवळ अशक्य होते. बोट चुकलीच, तर अंधारात पायवाटेने निघण्याचा विचारही करू नये. आगिया रुमेलीत राहण्याच्या खोल्या मिळतात.

किलोमीटरवरून वेळ काढणे

आगिया रुमेली ते लुत्रो हे अंतर १४-१५ किलोमीटरच्या आसपास आहे. सपाट रस्त्यावर हे तीन-साडेतीन तासांचे काम वाटेल, पण येथे किमान सहा तास धरावेत. आगिओस पावलोसच्या छोट्या बायझंटाईन चर्चपर्यंत पाय वाळूत आणि गोट्यांत रुततात, आणि त्यापुढे मार्माराच्या किनाऱ्यापर्यंत वाट पाइनच्या झाडांतून आणि उघड्या खडकाळ उतारावरून सतत चढउतार करते. आगिओस पावलोसनंतर वाटेला फाटा फुटतो: वरची वाट आगिओस इओआनिस गावाकडे चढते, खालची किनाऱ्याने मार्माराकडे जाते. चुकून वर लागलेल्याला सहाशे-सातशे मीटरचा चढ चढल्यावर गोष्ट लक्षात येते, म्हणून या फाट्यावर थांबून नकाशा पाहावाच.

लुत्रो ते होरा स्फाकिओन ही वाट दोन-अडीच तासांची म्हणून सोपी समजली जाते. तिच्या मध्यावर, ग्लिका नेरा या गोड्या झऱ्यांच्या किनाऱ्याजवळ, कड्यावरून दगड सुटणारा भाग आहे. तेथे फोटोसाठी रेंगाळू नये आणि पावसानंतर लगेच जाऊ नये. नवख्यांनी सुगिया ते पालेओहोरा या टप्प्याने सुरुवात करावी, असे माझे मत आहे. दीड-दोन तासांत लिसोसचे प्राचीन अवशेष येतात, तेथील अस्क्लेपिओस या ग्रीक आरोग्यदेवतेच्या मंदिरातील मोझेकची फरसबंदी पाहता येते, आणि पुढे जायचे की परत फिरायचे हे तेथे शांतपणे ठरवता येते. याउलट सुगिया ते आगिया रुमेली हा डोमाटामार्गे जाणारा टप्पा नकाशावर तेवढाच निरागस दिसतो, पण तो फार लांब, निर्जन आणि घसरडा आहे. अनुभवी सोबत्यांशिवाय तो करू नये.

आभाळ निरभ्र म्हणून बोट सुटणारच असे मानणे

ही चूक सर्वांत महागात पडते. भारतात बोटी बंद होतात त्या पावसाळ्यात, त्यामुळे स्वच्छ निळ्या आकाशाखाली बोट रद्द होईल हे आपल्या मनात येत नाही. येथे निर्णय वाऱ्यावर होतो. उत्तरेचा वारा लेफ्का ओरी ओलांडून घळींमधून जोरदार झोतांनी खाली येतो, आणि दक्षिणेचा वारा सुटला की उघड्या धक्क्यांवर लाटा आदळून बोट लावणे कठीण होते. वाऱ्याचा जोर ठराविक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी बोटींना मनाई करतात, आणि त्यापुढे तिकीट हातात असले तरी उपयोग नसतो.

उपाय तीन आहेत. आदल्या संध्याकाळी धक्क्यावरील तिकीट खिडकीवर उद्याची स्थिती प्रत्यक्ष विचारावी, कारण संकेतस्थळावरचे वेळापत्रक वारा पाहून बदललेले नसते. वाऱ्याचा अंदाज वाईट असेल, तर जिथे चालणे संपते तिथे बस मिळेल असाच टप्पा निवडावा, म्हणजे लुत्रोकडून होरा स्फाकिओनकडे चालावे, उलट नव्हे. आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र हानियातच काढावी. लुत्रोत बोट बंद पडल्यास पायी होरा स्फाकिओन गाठता येते, किंवा गावामागच्या नागमोडी वाटेने सुमारे सहाशे मीटर चढून वरच्या अनोपोली गावाच्या रस्त्याला लागता येते; तेथून टॅक्सी आधी फोन करून ठरवावी. आगिया रुमेलीत मात्र बोट सुरू होईपर्यंत थांबणे हेच बहुतेकांसाठी शहाणपणाचे असते.

ऊन आणि पाणी

जून २०२४ मध्ये सिमी या ग्रीक बेटावर ब्रिटिश डॉक्टर आणि दूरचित्रवाणी निवेदक मायकल मोझली तीव्र उष्णतेच्या दिवशी दुपारी एकटेच समुद्रकाठच्या वाटेने निघाले आणि परतले नाहीत. चार दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. आरोग्यविषयाचा जाणकार माणूसही अशा वाटेवर किती असुरक्षित असतो, हे या दुःखद घटनेतून दिसते. क्रीटच्या या किनाऱ्यावर सावली तुटक आहे आणि उघड्या खडकाची धग खालून लागते. सह्याद्रीत गडावरच्या टाक्यांतले पाणी आपल्या हिशेबात असते. येथे आगिओस पावलोस ते मार्मारा या टप्प्यात पाण्याचा भरवसा नाही, आणि वाटेतील खाणावळी हंगामाबाहेर बंद असतात. माणशी किमान तीन लिटर पाणी निघतानाच घ्यावे. निम्मे पाणी संपले आणि निम्मी वाट झाली नसेल, तर मागे वळावे. जुलै-ऑगस्टमध्ये हे टप्पे करूच नयेत.

दिवाळीच्या सुट्टीत जाणे

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची ही खास चूक. सामारिया घळ साधारणपणे मे ते ऑक्टोबर उघडी असते, आणि ऑक्टोबर सरताना बोटी, बस आणि खोल्या झपाट्याने कमी होतात. २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरात आहे, तेव्हा हा बेत जमणार नाही. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, मेच्या मध्यात जाणे सर्वांत चांगले. फक्त ऑर्थोडॉक्स ईस्टर आणि १ मे या दिवसांत बसच्या वेळा बदलतात, हे आधी पाहून घ्यावे.

ई-४ च्या पिवळ्या-काळ्या खुणांवरच विसंबू नये. काही मोडल्या आहेत, काही झिजल्या आहेत, आणि शेळ्यांच्या वाटा मुख्य वाटेइतक्याच ठळक दिसतात. कड्यांखाली मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि छापील प्रतही बाळगावी. कुंपणातले तारेचे फाटक बंद असेल तर ओलांडून ते पुन्हा बंद करावे. निघताना खोलीच्या मालकाला कोणत्या वाटेने जात आहोत आणि कोणत्या बोटीने परतणार आहोत हे सांगावे. मदतीसाठी क्रमांक ११२ आहे.